खेळण्यातल्या सैनिकांची पुस्तकं

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "अरे, पन्नाशी आली तरी अजून तुझी ती खेळण्यातल्या सैनिकांची पुस्तकं सुटली नाहीत?" तेव्हा मी विषय बदलला, कारण बायको समोरच बसली होती आणि तिने लगेच तुझीच बाजू घेतली असती. आता निवांत लिहितो.

खेळण्यातले सैनिक, हे मात्र शंभर टक्के खरं. नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९८७ पासून 'वॉरहॅमर ४०,०००' नावाचा युद्धखेळ विकते. टेबलावर प्लास्टिकचे रंगवलेले बोटभर शिपाई मांडायचे, फासे टाकायचे. त्याच जगातल्या कादंबऱ्या छापायला तिने 'ब्लॅक लायब्ररी' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पुस्तकं म्हणजे बाहुल्यांची जाहिरात, असं तू म्हणालास तर मी भांडणार नाही. डॅन ॲबनेटची 'गॉन्ट्स घोस्ट्स' ही मालिका त्यातलीच, १९९९ पासूनची.

गोष्ट अशी. टॅनिथ नावाच्या जंगलांच्या ग्रहावर नवी पलटण उभी राहते आणि त्याच दिवशी शत्रू तो ग्रह बेचिराख करतो. पलटणीचा प्रमुख आणि शिस्त राखणारा अधिकारी, म्हणजे कमिसार, गॉन्ट हाताशी असलेली माणसं घेऊन निघून जातो. गाव वाचवायला थांबू दिलं नाही म्हणून त्याचेच शिपाई त्याच्यावर डूख धरतात. त्यातला मेजर रॉन तर उघड सांगतो, एक दिवस तुला मारणार. पुढची सगळी पुस्तकं तो त्याच माणसाच्या हुकमाखाली लढतो.

बाकी सगळा साचा. नवा ग्रह, चिखल, वर बसलेला एक आढ्यताखोर जनरल, त्याचा माणसं मारणारा हुकूम. मग मकॉल आपले टेहळे घेऊन अंधारात पुढे जातो, लार्किन बंदुकीच्या दुर्बिणीला डोळा लावतो, ब्रॅग एवढी मोठी तोफ घेऊन पहिला नेम हटकून चुकवतो. शेवटी दोन-चार ओळखीची माणसं मरतात, लढाई जिंकली जाते, पलटण पुढच्या जहाजात चढते. पन्नासाव्या पानावर मला शेवट कळलेला असतो. आपल्याकडे जत्रेत दशावतारात संकासुर दरवर्षी तसाच येतो, तसाच मार खातो, म्हणून कोणी उठून घरी गेलंय का?

पण मला वाटतं, गंमत साच्यापेक्षाही खोल आहे. हे विश्व कंपनीच्या मालकीचं. यातला सम्राट दहा हजार वर्षं सिंहासनावर अर्धमेला पडून आहे. त्याला ना मरता येत, ना बरं होता येत. युद्ध संपलं तर उद्या बाहुल्या कोण घेणार? म्हणजे लेखकाला मोठं काहीच हलवता येत नाही. मग तो हलवतो काय? बारकीसारकी माणसं. कोणाची 'सॅक्रा', म्हणजे त्यांची हातभट्टी, जास्त कडक, कोण कोणाशी बोलत नाही, पलटणीतला एकुलता एक पोरगा मशकबीन कधी वाजवतो. जगाचं काय होणार ते आधीच ठरलेलं, म्हणून वाचताना सगळा जीव या माणसांत अडकतो.

एकच प्रसंग सांगतो. 'नेक्रोपोलिस'मध्ये (२०००) व्हर्व्हनहाइव्ह या महाकाय शहराला वेढा पडतो. शहराचा मालक यंत्राच्या टाकीत बसून वेडा झालेला, तोच ऐन वेळी संरक्षक कवच बंद करतो. याच वेढ्यात गोल कोलिया या खाणकामगाराची बायको आणि दोन लेकरं मेली, असं तो धरून चालतो. वेढ्यानंतर तो पलटणीत भरती होतो. क्रीड नावाची एक रस्त्यावरची पोरगीही भरती होते, आणि तिच्यासोबत दोन अनाथ मुलं असतात. पुढे एका पुस्तकात त्याला कळतं की ती मुलं त्याचीच. मुलं तिला आई मानायला लागलेली. कोलिया गप्प बसतो. त्याच पलटणीत, त्याच खंदकात, रोज तिच्यासमोर. हे वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. जाहिरातीच्या पुस्तकात हे कुठून आलं रे?

सगळंच चांगलं नाही. अवाढव्य चिलखती 'स्पेस मरीन' योद्ध्यांची बरीच पुस्तकं मला कंटाळवाणी वाटतात. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याची काळजी करायची तरी कशी? आणि यातलं साम्राज्य हे क्रूर, धर्मांध, सडलेलं आहे. काही वाचक त्यालाच आदर्श समजायला लागले, तेव्हा कंपनीलाच २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं की हे कौतुक नाही, उपहास आहे. खरं सांगू, लढाईच्या भरात मलाही तो उपहास विसरायला होतो, आणि ते बरं नव्हे. गॉन्टचं काम पळणाऱ्या शिपायाला गोळी घालण्याचं आहे. तो क्वचितच घालतो म्हणून आपण त्याला भला माणूस म्हणतो. लेखकाने हे आपल्या गळी किती सहज उतरवलंय बघ.

तर, चेष्टा करायचीच असेल तर आधी एक वाच. पहिलं जरा कच्चं आहे, दुसरं म्हणजे एकेका शिपायाच्या सुट्या गोष्टी. तू सरळ तिसरं, 'नेक्रोपोलिस', घे. गणपतीत कुडाळला येतोय, पुस्तक घेऊनच येतो. पानं दुमडू नकोस, आणि ब्रॅगचं पुढे काय होतं ते मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.

काकींना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू