रुपया रोखून धरण्याची किंमत

श्रीलंकेच्या २०२२ मधील आर्थिक अरिष्टाचे खापर कोविड आणि युक्रेन युद्धावर फोडणारा लेख आपल्या अंकात वाचला. पर्यटन बुडाले आणि तेल महागले, हे खरेच. परंतु असे धक्के इतर अनेक देशांनाही बसले होते. श्रीलंकेत त्यांचे रूपांतर दिवाळखोरीत झाले, त्यामागे विनिमय दराबाबतचा हट्ट होता, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही.

सप्टेंबर २०२१ पासून मध्यवर्ती बँकेने डॉलरचा भाव सुमारे २०० श्रीलंकन रुपयांवर रोखून धरला. खुल्या बाजारात डॉलरला त्याहून जास्त रुपये मिळत असल्याने आखातात राबणाऱ्या कामगारांनी घरी पाठवायचा पैसा बँकांऐवजी हुंडीच्या, म्हणजे दलालांच्या अनौपचारिक मार्गाने पाठवायला सुरुवात केली. बँकांमार्फत येणारी ही रक्कम २०२० मध्ये सुमारे ७.१ अब्ज डॉलर होती, ती २०२१ मध्ये ५.५ अब्जांवर आली. म्हणजे परकीय चलनाची गंगाजळी वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयानेच गंगाजळी आटवली. त्यातही, देशात इंधन आणि दूधभुकटीची टंचाई असताना जानेवारी २०२२ मध्ये रोखेधारकांचे ५० कोटी डॉलर चुकते करण्यात आले, हे मला अक्षम्य वाटते. मार्चमध्ये दर मोकळा सोडल्यावर दोन-अडीच महिन्यांत डॉलर ३६० रुपयांच्या आसपास गेला आणि १२ एप्रिलला परकीय कर्जफेड थांबवल्याची घोषणा झाली. हेच अवमूल्यन वर्षभर आधी टप्प्याटप्प्याने झाले असते, तर सामान्यांना इतकी झळ बसली नसती.

– एक वाचक, पुणे