गुलमंडीतील त्या दुपारचे आभार

मे महिन्यात एका दुपारी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत खरेदी करीत असताना आमच्या १४ महिन्यांच्या लेकीला जुलाब सुरू होऊन ती पार मलूल झाली, तेव्हा हातातले काम टाकून ज्यांनी आम्हाला सावरले, त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. बांगडीवाल्या मावशींनी ओट्यावर जागा करून दिली आणि पदराने लेकीला वारा घातला. घाईघाईने ओआरएसची मोठी पुडी पेलाभर पाण्यात ओतू पाहणाऱ्या मला औषध दुकानातील काकांनी थांबवले आणि ती पूर्ण १ लिटर पाण्यातच विरघळवावी, दाट मिश्रण बाळाला अपायकारक ठरते, चमच्याचमच्याने पाजावे व २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे, हे शांतपणे समजावले. अंगावरचे दूध बंद करू नका, असेही त्यांनीच बजावले. घरून फोनवर मात्र नेमका उलटा सल्ला मिळत होता! दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या रिक्षावाल्या दादांनी भाडे घेतले नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या झिंकच्या गोळ्यांचे १४ दिवस आता पूर्ण झाले आहेत. मावशी, आपला स्टीलचा तांब्या गडबडीत आमच्याकडेच राहिला असून, तो परत करण्यासाठी आम्ही रविवारी लेकीला घेऊन येत आहोत.