बॉक्सवर १३०० ग्रॅम, काट्यावर १७५०: ट्रेनर विमानाच्या किटबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमच्याकडून घेतलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या १४०० मिमी स्पॅनच्या (पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी) ट्रेनर म्हणजे शिकाऊ विमानाच्या किटबद्दल ही लेखी तक्रार करतेय, कारण चॅटवर जे उत्तर मिळालं त्याने माझं अजिबात समाधान झालेलं नाही. बॉक्सवर आणि मॅन्युअलमध्ये दोन्हीकडे छापलंय की बॅटरी धरून, उडायला तयार वजन १३०० ग्रॅम. माझं विमान १७५० भरतंय. थोडंफार वरखाली होतं हे मान्य, लाकूड आहे शेवटी, बाल्साची एक फळी हलकी निघते तर दुसरी त्याच मापाची दुप्पट जड निघते, त्यामुळे पन्नास-साठ ग्रॅमसाठी कोणी पत्र लिहीत बसत नाही. पण साडेचारशे ग्रॅम?

मोटर, ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर), सर्व्हो (पंख-शेपटीचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), ३ सेलची २२०० एमएएच बॅटरी, सगळं तुमच्या मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच घातलंय. चाकांसकट हे सगळं सामान ५१० ग्रॅम होतं. म्हणजे १३०० चा हिशोब जुळायचा तर रिकामा ढाचा ७९० चा हवा. तुमचा ढाचा पिशवीतून काढल्या काढल्या, मी एक थेंब ग्लू लावायच्या आधी, ११२० भरला. फ्युजलाज (विमानाचं धड) ५४०, विंग ४६०, शेपटी १२०. काट्यावरचे फोटो सोबत जोडलेत.

हे वजन कुठून आलं तेही बघून झालंय. बॉक्सवरच्या फोटोत शेपटी जाळीदार आहे, मधून उजेड दिसतो, आणि मला आलेली शेपटी अख्खी भरीव फळी आहे. फ्युजलाजच्या आत टॉर्च मारला तर प्लायवूडचे फॉर्मर (धडाला आकार देणारे आतले आडवे तुकडे) एकही भोक न पाडता तसेच लावलेत आणि प्रत्येक जोडावर ग्लूचे ओघळ सुकून बसलेत. शेपटीचं वजन तर सगळ्यात वाईट, कारण सीजीपासून (विमान जिथे तोललं जातं तो बिंदू) शेपटी लांब आणि नाक जवळ, त्यामुळे मागच्या एकेका जास्तीच्या ग्रॅमसाठी नाकात अडीच-तीन ग्रॅम घालावे लागतात. मॅन्युअलमध्ये सीजी विंगच्या पुढच्या कडेपासून ६८ मिमी दिलाय, तो तिथे आणायला मला बॅटरी पार पुढे ढकलून वर १२० ग्रॅम शिसं घालावं लागलं. जड विमान आणखी जड करायचं, नाहीतर ते शेपटीकडून जड ठेवून उडवायचं आणि ते त्याहून धोक्याचं.

आता तुमच्या सपोर्टचं उत्तर. "मोठा प्रोपेलर आणि ४ सेल बॅटरी लावा, आरामात उचलेल." अहो, उचलायचा प्रश्नच नाहीये! आत्ताची मोटर पण उचलते. प्रश्न हळू उडायचा आहे. विंगचं क्षेत्रफळ ३२ चौरस डेसिमीटर, म्हणजे विंग लोडिंग (विंगच्या दर चौरस डेसिमीटरवर येणारं वजन) साधारण ४१ ऐवजी ५५ ग्रॅमवर गेलं. स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली विंग विमान पेलू शकत नाही तो वेग) वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे इथे १६ टक्के जास्त, आणि ४५ अंश तिरकं करून वळलं की त्यावर आणखी १९ टक्के. नवशिका माणूस लँडिंगला वळताना थ्रॉटल कमी करतो आणि नेमका तिथेच एक पंख खाली पडतो, उंची नसते, सावरायला वेळ नसतो. आणि स्पीडही जास्त, वजनही जास्त, त्यामुळे जमिनीला टेकताना गिअरवर (चाकं आणि त्यांची तार) येणारी ऊर्जा जवळजवळ ८० टक्क्यांनी वाढते. मोठी बॅटरी लावली तर ह्यात भरच पडणार, आणि प्रोपेलर मोठा केला की करंट वाढून ईएससी तापणार ते वेगळंच.

मी बरीच वर्षं उडवतेय म्हणून पहिल्या फ्लाइटमध्ये स्पीड ठेवून कसंबसं उतरवलं, तरी गिअरची तार वाकली. पण हे विमान मी माझ्या भाचीला शिकायला घेतलं होतं, तुमच्याच बॉक्सवर "पहिलं विमान म्हणून योग्य" असं लिहिलंय म्हणून. पोरीने ट्रान्समीटर हातात घेतला असता आणि दुसऱ्याच वळणाला विमान जमिनीत घुसलं असतं तर तिला वाटलं असतं की आपल्यालाच जमत नाही. मला ह्याचाच जास्त राग आहे. १७५० ग्रॅमला हे विमान ट्रेनर राहतच नाही.

मला छापील वजनाचा ढाचा बदलून हवाय, आणि पाठवायच्या आधी विंग, फ्युजलाज, शेपटी वेगवेगळी काट्यावर ठेवून फोटो पाठवा. तसा ढाचा स्टॉकमध्ये नसेल तर पूर्ण पैसे परत करा, कूपन नकोय. आणि ह्या बॅचचे बाकीचे बॉक्स विकण्याआधी एकदा वजन करून बघा, सगळेच असे असतील तर बॉक्सवरचा आकडा आणि ते "पहिलं विमान" दोन्ही काढून टाका.

विमान परत उडवलेलं नाही, शिसं काढून मूळ पॅकिंगमध्ये ठेवलंय. पिकअप कधी पाठवताय ते कळवा.