मोनेचा पाऊसही छापा की!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेवरचा लेख आवडला, पण फोटो नेहमीचेच, कमळं आणि ऊन. अहो, या माणसाने पाऊसही रंगवलाय! १८८६ चं त्याचं पावसातल्या एत्रताचं (फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचं गाव) चित्र ऑस्लोच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, त्यात तिथला तो फेमस कमानीचा कडा पार पुसट झालाय आणि त्यावरून तिरके तिरके फटकारे, म्हणजे पाऊस असा वेगळा काढलेलाच नाही, ब्रश जिकडे फिरलाय तोच पाऊस. जपानी प्रिंट्स जमवायचा तो, हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या पावसाच्या रेघा डोक्यात असणारच असं आपलं मला वाटतं. आणि हवा खराब असली की हॉटेलच्या खिडकीतूनही काम करायचा म्हणे, पण घाबरट अजिबात नव्हता, नोव्हेंबर १८८५ मध्ये तिथल्याच मानपोर्त कमानीपाशी भरतीचा अंदाज चुकला नि लाटेने त्याला कड्यावर आपटलं, रंगाचं सामान समुद्रात! जीव वाचला हे नशीब. (लेखात हा किस्सा का नव्हता?)

पुढच्या वेळी हे चित्र छापा, तेही रंगीत आणि मोठं, कारण त्यातला करडा रंग नुसता करडा नाहीये.

एक वाचक, पुणे