कलम दोन नेमकं कोणासाठी? काया कल्लास यांना खुले पत्र

मा. काया कल्लास,
उच्च प्रतिनिधी, परराष्ट्र व्यवहार आणि सुरक्षा धोरण,
युरोपीय महासंघ, ब्रुसेल्स

स.न.वि.वि.

इस्रायलशी 1995 मध्ये झालेला तुमचा व्यापार आणि सहकार्याचा करार 2000 पासून लागू आहे. मानवी हक्कांचा आदर हा या कराराचा अत्यावश्यक घटक, असं त्याचं दुसरं कलम सांगतं. गाझात हे कलम मोडल्याच्या खुणा दिसतात, असा अहवाल जून 2025 मध्ये तुमच्याच खात्याने दिला. जुलैत तुम्ही परराष्ट्रमंत्र्यांपुढे दहा पर्याय ठेवलेत. त्यांनी एकही उचलला नाही. सप्टेंबरात युरोपीय आयोगाने इस्रायलच्या व्यापारी सवलती थांबवण्याचा प्रस्ताव आणला, तर जर्मनी-इटली राजी होईनात आणि बहुमत काही जुळेना.

निर्णय एकट्या तुमच्या हातात नाही, मान्य. पण परराष्ट्रमंत्र्यांच्या त्या बैठकीच्या अध्यक्ष तुम्हीच, म्हणून विचारतो: मानवी हक्कांसाठी सवलत काढून घेणं श्रीलंकेच्या वेळी कसं जमलं होतं? 2010 मध्ये काढलेली जीएसपी प्लस (विकसनशील देशांच्या मालाला आयात शुल्कात सूट देणारी) सवलत त्यांना 2017 मध्ये परत मिळाली. कंबोडियाच्या तुमच्याकडे होणाऱ्या निर्यातीच्या सुमारे पाचव्या हिश्शावरची शुल्कमाफीही याच कारणावरून 2020 मध्ये गेली. (तिथला विरोधी पक्ष बरखास्त झाला, तो काही शिलाई यंत्रावर बसणाऱ्या बायकांना विचारून नव्हे!) त्या एकतर्फी सवलती होत्या आणि हा दुतर्फा करार आहे, हा फरक ठाऊक आहे. पण मग करारात ते कलम घातलं कशाला?

तुमची आई सहा महिन्यांची असताना सोव्हिएत राजवटीने तिला सायबेरियाला धाडलं, हे तुम्हीच सांगत आला आहात. रशियाबद्दल बोलताना तुम्ही कधी आढेवेढे घेतले नाहीत, आणि ते योग्यच.

आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. जुलै 2023 मध्ये युरोपीय संसदेने मणिपूरवर ठराव केला, तेव्हा दिल्लीने ‘वसाहतवादी मानसिकता’ म्हणून तो उडवून लावला. मणिपूरबद्दल इथे राहून बोलणाऱ्यांची त्यात पंचाईत झाली. तुम्ही गाझाच्या वेळी हात आखडता घेतलात की ‘आधी स्वतःचं बघा’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं, आणि चटके आम्हाला बसतात.

भारताशी तुमचा 1994 चा सहकार्य करार आहे. त्याच्या पहिल्याच कलमात मानवी हक्क आहेत. तेव्हा दोनच गोष्टी लेखी कळवाव्यात. खुणा दिसल्यावर आणखी काय दिसलं म्हणजे कलम दोन लागू होतं? आणि भारतासोबतच्या मानवी हक्क संवादात कुणी गाझाचा दाखला देऊन तुमच्या अधिकाऱ्यांना गप्प करू पाहिलं, तर त्यांनी काय उत्तर द्यायचं?

कळावे,
एक मराठी वाचक