लाल दोरा, निळा दोरा

रामबाग, इंदूर
१४ डिसेंबर

प्रिय कुमे,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून टाकलंस, "अगं, खड्यांसाठी सोनोग्राफी केली, त्यात ग्रेड वन फॅटी लिव्हर निघालं. पण ते काय, हल्ली सगळ्यांनाच असतं." आणि लगेच नातवाच्या मुंजीवर गेलीस. मी तेव्हा गप्प राहिले, पण फोन ठेवल्यावर तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना. गेलं वर्षभर दर शनिवारी मी हेच ऐकतेय, मालवा मिलच्या मागच्या वस्तीत. म्हणून आज निवांत बसून लिहायला घेतलंय. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

३१ वर्षं मी लॅबमध्ये काढली हे तुला ठाऊक आहेच. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते एसजीपीटी. ते वाढलेले किती रिपोर्ट माझ्या हाताखालून गेले याची गणती नाही. खिडकीतून कागद द्यायचा आणि म्हणायचं, "डॉक्टरांना दाखवा." नियम तसा होता आणि तो योग्यच होता. पण त्यातल्या किती जणांनी तो कागद खरंच कुणाला दाखवला असेल, हा प्रश्न मला रिटायर झाल्यावर पडला. वस्तीत जायला लागले आणि त्याचं उत्तर मिळालं. कागद घडी घालून ठेवलेले असतात. गादीखाली, देवाच्या फोटोमागे, रेशनकार्डाच्या पिशवीत.

या वस्तीत मराठी घरं बरीच आहेत. आजे-पणजे खानदेशातून मिलमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, बाकीच्या मिलचीही तीच गत झाली. पुढची पिढी रिक्षा, शिलाई, ठेला, घरकाम यांत गेली. गेल्या वर्षी कुठल्याशा संस्थेने तिथे फुकट तपासणीचं शिबिर घेतलं. सोनोग्राफी झाली, इंग्रजीतले कागद वाटले, गाडी निघून गेली. समजावून सांगायला कुणी थांबलं नाही. मला त्याचा अजून राग येतो. कारण दुसऱ्याच आठवड्यात एक माणूस तिथे 'लिव्हर साफ करणारा' काढा विकायला आला, आणि लोकांनी उधारी करून बाटल्या घेतल्या. अशा काढ्यांत काय काय असतं कोण जाणे. साधी गुळवेल म्हणावी, तर तिच्या काढ्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्णही मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

तिथल्या एकीबद्दल तुला सांगायचंय. पाच घरी पोळ्या करते, वय ४६, अंगाने किरकोळ. तिने रिपोर्ट डाळीच्या डब्याखाली लपवला होता. आशा दीदी, म्हणजे वस्तीतली सरकारी आरोग्यसेविका, बाहेर गेल्यावर हळूच काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "ताई, घरात दाखवू कशी? लिव्हर तर पिणाऱ्यांचं जातं. सासू म्हणेल, ही बाहेर जाऊन काय करते? मी तर कधी थेंब घेतला नाही हो." आणि मग, "फॅटी म्हणतात, पण मी कुठे जाडी आहे?"

कुमे, सहा महिने ती बाई हा कागद एकटीने सोसत होती.

तिच्या या दोन प्रश्नांची उत्तरं आधी दिल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नसतो, हे मी तिच्याकडूनच शिकले. दारू न पिणाऱ्यालाही हे होतं, आणि आता तर दुखण्याचं नावही त्यासाठी बदललंय. आधी नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर म्हणायचे. त्यातल्या 'अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' या दोन्ही शब्दांनी रुग्णाची मान खाली जाते, म्हणून जगभरच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये ते शब्द काढून टाकले. नवं नाव लांबलचक आहे, पण त्यात मूळ दोष शरीराच्या ऊर्जेच्या हिशेबात आहे असं म्हटलंय. साखर, वजन, बीपी, रक्तातली चरबी यांच्याशी त्याचं नातं.

दुसऱ्या प्रश्नाला मला तुमच्या पुण्याने मदत केली. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडची माणसं बाहेरून बारीक दिसतात आणि चरबी आत, पोटात साठते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती स्वतःच्या मनगटाकडे आणि मग पोटाकडे बघत राहिली.

मग लिव्हर म्हणजे काय ते सांगायचं. उजव्या बरगड्यांखाली, दीडेक किलोचं. मी कोठीघर म्हणते, ते त्यांना लगेच पटतं. घरात येणारं धान्य खर्चापेक्षा जास्त झालं की पोती आधी कोठीत, मग बोळात, मग चुलीशेजारी. शेवटी स्वयंपाकाला जागा उरत नाही. लिव्हरच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर सगळे म्हणतात, काही नाही. आणि बहुतेकांचं खरंच तिथेच थांबतं. पण काहींच्या लिव्हरला सूज येते, सूज वर्षानुवर्षं राहिली की आत वण पडत जातात, आणि वण फार वाढून लिव्हर कडक झालं की सिरोसिस.

वण हा शब्द मी कसा समजावू याचा विचार करत होते, तेवढ्यात तिच्याच हाताकडे लक्ष गेलं. मनगटाच्या आतल्या बाजूला तव्याचे चटके. एक ताजा, लालसर. एक जुना, पांढरा पडलेला, चकाकणारा, बोट लावलं तर कडक. मी ताज्यावर बोट ठेवलं, म्हटलं, "हा भरून येईल ना?" "हो." "आणि हा?" ती हसली नाही. म्हणाली, "हा आता असाच राहायचा." मग स्वतःच विचारलं, "माझं आत कुठलं आहे, ताजं की जुनं?"

याहून चांगला प्रश्न मला लॅबमध्ये कुणी विचारला नाही गं. आणि त्याचं उत्तर शोधायला महागड्या तपासणीपासून सुरुवात करावी लागत नाही. एसजीपीटी, तशीच लिव्हरची दुसरी रक्ततपासणी एसजीओटी, आणि प्लेटलेट, एवढं सरकारी दवाखान्यात होतं. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. याला फिब-फोर म्हणतात. तिचं एसजीओटी ३६, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख ४० हजार. मी जमिनीवर बसून तिच्याच मोबाइलवर हिशेब केला. ४६ गुणिले ३६ म्हणजे १६५६, आणि २४० गुणिले ७ म्हणजे १६८०. उत्तर एकाच्या जरा आत. १.३ च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर पोटाच्या तज्ज्ञाकडे जायलाच हवं, आणि मधे असेल तर फायब्रोस्कॅन, ज्यात लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. पस्तिशीच्या आत हा हिशेब फारसा भरवशाचा नाही, आणि पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ धरतात. माझं उत्तर डॉक्टरांना दाखवायला मी तिच्याबरोबर गेले. त्यांनी मान डोलावली, साखर तपासायला लावली. साखर काठावर निघाली.

खाण्याचं बोलताना मात्र मी आधी चुकले. एका छापील कागदावरून सॅलड, ऑलिव्ह ऑइल, ओट्स असं वाचत गेले. बायका मुकाट्याने ऐकत होत्या. नंतर एक म्हातारी म्हणाली, "बाई, हे सगळं कोणत्या दुकानात मिळतं?" तेव्हापासून मी कागद नेत नाही. त्यांच्या घरातच बसते आणि काय आहे ते बघते. तेलाचा डबा किती दिवस पुरतो? चौघांच्या घरात महिन्याला पाच लीटर जात होतं. माणशी अर्ध्या लीटरच्या आसपास आलं पाहिजे. चहा किती वेळा? कामाच्या प्रत्येक घरी एक, घरी दोन, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला चौदा चमचे, आणि सहाच्या आसपास थांबलेलं बरं. भाजी नसली की शेव-टमाटरची भाजी. इथे पोह्यांवर शेव, भाजीत शेव, मुलांच्या हातात पाच रुपयांचं पाकीट. इंदूरच्या माणसाला शेव सोड म्हणणं म्हणजे घर सोड म्हणणं, ते मी म्हणत नाही. पोहे खा, पण शेव चिमूटभर, जिलबी सणाला. मका-ज्वारीची भाकरी तर निमाड-माळव्याची आणि खानदेशाचीही. ती ताटात परत आली की म्हाताऱ्यांचे डोळे चमकतात.

वजन ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांत सूजही उतरते. साठ किलोच्या बाईला हे तीन ते सहा किलो. तेही सावकाश, उपास करून नव्हे. फार झपाट्याने उतरवलं तर लिव्हरलाच त्रास होतो. ती म्हणते, दिवसभर उभीच असते. पण उभं राहणं वेगळं आणि दम लागेल असं चालणं वेगळं. आता शेवटच्या घरून ती रिक्षाने येत नाही, झपाझप चालत येते. वर दहा रुपये वाचतात. हे तिने मला सांगितलं.

आशा दीदीच्या फॉर्ममध्ये कमरेचा घेर लिहायचा असतोच. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, ते बरं झालं. पण टेपवरचे आकडे वाचता न येणाऱ्या बायका संकोचतात. म्हणून मी लोकरीचे दोरे कापले. लाल ८० सेंटीमीटरचा, बायकांसाठी. निळा ९० चा, पुरुषांसाठी. बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून गुंडाळायचा. टोकं जुळली तर ठीक, मधे फट राहिली तर बोलू या. आता बायका पडद्याआड एकमेकींना मोजतात, घरी नेऊन नवऱ्याला निळा बांधतात. आमच्या पोळ्यावालीच्या लाल दोऱ्यात पहिल्यांदा चार बोटं फट होती. गेल्या शनिवारी दोन. रिपोर्ट आता डब्याखाली नाही, भिंतीवरच्या पिशवीत आहे, आणि सासूचा चहाही बिनसाखरेचा झालाय.

तर कुमे, तू तो कागद ड्रॉवरमधून काढ. एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट मला कळव. केले नसतील तर या आठवड्यात कर, आणि साखरही बघ, तुझ्या आईला होती. मुंजीला येईनच मी, तेव्हा तुझ्या डॉक्टरांकडे दोघी जाऊ.

पाकिटात लाल दोरा ठेवलाय. भावजींसाठी निळा.

तुझीच,
शशी