घाटातल्या दादांना, दर्यापूर तालुक्यातून

दादा, वहिनी, राम राम.

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमारास, चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना तुमच्या घरासमोर एक जुनी काळी मोटारसायकल थांबली होती. मागच्या चाकातून धूर निघत होता आणि एक बाई नवऱ्याला झाडत होती. तो नवरा मी. आता सांगतोय मी, मोबाईलवर टाइप करतोय मुलगा, आणि मधेमधे दुरुस्त्या करतेय ती बाई.

आम्ही तिकडं कशाला आलो होतो ते तुम्ही विचारलं होतं आणि मी नुसतं "फिरायले" म्हणालो होतो. तेव्हा धड बोलता येत नव्हतं, आता सांगतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत शेगाव, सोयऱ्यांची लग्नं आणि अमरावतीचा दवाखाना सोडून दोघं मिळून कुठं गेलो नाही. आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं. चहूकडं सपाट काळी जमीन. डोंगर म्हणजे पाऊस पडून आभाळ उघडलं की उत्तरेला दिसते ती निळी रेघ. ही नवी नवरी होती तेव्हा छतावर पापड वाळत घालताना म्हणाली होती, एकदा त्या रेघेवर जाऊन येऊ. मी हो म्हटलं होतं. त्याला चोवीस वर्षं लागली.

सगळे म्हणतात चिखलदरा पावसाळ्यात पाहावं. खरंच आहे, भीमकुंडाजवळचे धबधबे आम्हाला कोरडेच दिसले. पण पावसाळ्यात कास्तकाराला कोण सोडतं? हरभरा घरात आला की मृग लागेपर्यंत जेवढे दिवस, तेवढेच आपले, आणि त्यातलेही निम्मे लग्नाच्या पंगतीत जातात. तेव्हा भर उन्हात निघालो. अंजनगावात ओला केलेला दुपट्टा परतवाड्यापर्यंत दोनदा वाळला. वर, हजार मीटरच्याही वर, तोच दुपट्टा रात्री कानाला बांधून बसलो. हिला ते एवढं नवल वाटलं की मे महिन्यात थंडी वाजते म्हणून तिनं बहिणीला फोन लावला.

दीड दिवसात जमेल तेवढं पाहिलं. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, म्हणून ती कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, ही गोष्ट प्रत्येक चहावाल्यानं सांगितली, थोड्या थोड्या फरकानं. देवी पॉइंटला खडकाच्या पोटात देवी आहे आणि वरून पाणी ठिबकतं. ही तिथं ओंजळ धरून उभी राहिली ती हलेचना. गाविलगडावर दरवाज्यातलं दोन तोंडांच्या पक्ष्याचं कोरीव काम पाहिलं. हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. मला मात्र एवढ्या उंचावर किल्ल्याच्या आत तलाव बांधणाऱ्यांचं जास्त नवल वाटलं. शक्कर तलावावर नावेत बसलो. ही एका हातानं नाव आणि एका हातानं मला धरून होती, पण उतरल्यावर म्हणाली, अजून एक चक्कर मारू.

पंचबोल पॉइंटवर हाक मारली की दरीतून पाच वेळा परत येते म्हणतात. मला वाटलं, ही माझं नाव घेईल. उखाण्याशिवाय ते काही तिनं कधी घेतलं नाही, इथं ऐकायला कोण आहे? तिनं जोरात हाक मारली ती "सर्जा"ला. मागच्या वर्षी विकला तो बैल आमचा. दरी सर्जा, सर्जा म्हणत राहिली. मी मोजलं नाही.

आता तुमच्या दारातली गोष्ट.

चूक माझीच. उतार आहे तर पेट्रोल कशाला जाळा, म्हणून मी वरूनच इंजिन बंद केलं आणि गाडी सोडून दिली. दोघांचं वजन, त्यात हिनं घेतलेल्या खव्याची पिशवी, आणि सगळा भार मागच्या ब्रेकवर. माझा पाय पॅडलवरून उठलाच नाही. पाच-सहा वळणांनंतर जळका वास यायला लागला, मग पॅडल खाली जायचं आणि गाडी काही ऐकायची नाही. पुढचा ब्रेक दाबत, पाय घासत, कसाबसा तुमच्या अंगणापाशी टेकलो. एका बाजूला दरी होती हे मला थांबल्यावर दिसलं. हिला आधीपासून दिसत होतं.

तुम्ही दोघं सावलीत तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होते. मी बाटली काढली आणि चाकावर पाणी ओतणार, तेवढ्यात तुम्ही तिथूनच ओरडले, "पाणी नोको टाकू भाऊ! डरम तडकते!" मग उठून आले, माझ्या हातातली बाटली घेतली आणि हिच्या हातात दिली. "गाडीले नाई, वहिनीले पाणी द्या."

हे वाक्य आमच्या घरी रोज बोललं जातं, दादा. जेवताना मी आधी माझा तांब्या भरला की मुलगी म्हणते, गाडीले नाई, आईले द्या.

अर्धा तास तुम्ही मला गाडीला हात लावू दिला नाही. ब्रेकचा ड्रम आपोआप थंडा झाला, मग तुम्ही मागचा नट दोन आटे कसला, चाक फिरवून कान लावून ऐकलं, आणि मला शिकवलं: गाडी चालू ठेवायची, दुसऱ्या गेरवर सोडायची, इंजिनच तिला धरून ठेवते, ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, दाबून धरायचा नाही. वीस वर्षं गाडी चालवतो मी. सपाट मुलखातला माणूस, उतार कधी पाहिलाच नव्हता.

पण आभार मानायचे ते जास्त पाण्याचे. वहिनींनी घरातून हंडा आणला, हिच्या हातापायांवर पाणी घातलं, तोंड धुवायला लावलं. नंतर बोलता बोलता कळलं की उन्हाळ्यात तुमच्याकडं ते खालच्या झिऱ्यावरून डोक्यावर आणावं लागतं. ही एकदम गप्प झाली. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही त्यात. गोडं पाणी डोक्यावर आणणं काय असतं हे तिला माहीत आहे, तिनं माहेरी केलंय. आता आमच्या नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं. ती नदीही तुमच्याच डोंगरातून उतरते. पावसाळ्यात तुमच्याकडं धो धो पडतं, ते खाली येऊन आमच्या नळात पोचतं, आणि मे महिन्यात वहिनी हंडा घेऊन झिऱ्यावर. हे मला त्या दिवसापासून सलतंय. यात मी काय करू शकतो ते मला कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो.

शंभराची नोट पुढं केली तेव्हा तुम्ही हसले आणि वहिनींनी पळसाच्या पानात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, बांधून दिली. आम्ही ती परतवाड्यापर्यंत खात आलो. बिया हिनं पदरात बांधून आणल्या आणि परसात लावल्यात. खारपाणात जगणार नाहीत हे मी सांगितलं. "तुमाले उताराचं तरी कुठं समजत होतं?" असं उत्तर मिळालं.

निघताना वहिनींनी आमच्या बाटलीचं बूच फुटलेलं पाहून स्वतःची हिरवी बाटली भरून दिली होती. ती आमच्याकडं आहे, धुऊन ठेवलीय. मृगाआधी यायला जमलं नाही. कपाशी आणि तूर वावरात उभी आहे, तेव्हा दिवाळी झाल्यावर एक दिवस काढतो. बाटली घेऊन येतो आणि सोबत आमच्या जमिनीतल्या हरभऱ्याची पायलीभर डाळ. ओलिताशिवायचा हरभरा आहे, वहिनींना म्हणावं पुरणाला वापरून पाहा. घर ओळखू येईल: वळणावरचं मोहाचं झाड, त्याखाली अर्धं मोडलेलं बैलगाडीचं चाक. गाडी दुसऱ्या गेरवर असेल.